किटलीविना समोवार

मित्रांनो, मी इराणात बुरूजर्दच्या बाजारात घडलेला एक म्हातारा समोवार आहे. माझ्या पोटात पाणी उकळते आणि डोक्यावर चहाची किटली बसते. आम्हा दोघांना एकाच कारागिराने घडवले. दुसरी किटली माझ्यावर नीट बसत नाही.

फरंगीसने लग्नात मला आणले. ती आणि तिचा नवरा इरज कम्युनिस्ट पक्षाचे. पक्षावर बंदी आली, सोबती फासावर जाऊ लागले, तेव्हा दोघे खेचरांवरून डोंगर ओलांडून पळाले. फरंगीसने कपडे मागे टाकले, पण मला आणि किटलीला घोंगडीत गुंडाळून घेतले.

स्वीडनमध्ये, गोथेनबर्गच्या पक्षकचेरीत, मी वर्षानुवर्षे उकळलो. खोली भरलेली असे. दातांत साखरेचा खडा धरून सगळे चहा पीत आणि पुढचा नवरोज, म्हणजे नव्या वर्षाचा सण, घरीच, असे म्हणत. माझे फार कौतुक होई.

मग जाहीरनाम्यातल्या एका वाक्यावरून पक्ष फुटला. खुर्च्यांची वाटणी झाली, पुस्तकांची झाली. मी इरजच्या गटाकडे राहिलो. दुसऱ्या गटाबरोबर निघताना फरंगीसने किटली उचलली.

"अगं, ती कशाला नेतेस?" इरज म्हणाला.

"समोवार बहुमताचा, किटली अल्पमताची. क्रांती झाली की पुन्हा जोडू!"

सगळे हसले. इरजही हसला. पुढे त्याच्या गटाने नियम केला, फुटीरांशी बोलायचे नाही. फरंगीस नदीपलीकडे राहायला गेली.

माझ्या डोक्यावर पत्र्याची किटली आली. ती डुगडुगे. माणसेही सरत गेली. कोणी वारले, कोणी कंटाळले. शेवटी तिघे उरले. इरज, सचिव कियूमर्स आणि म्हातारी अश्रफ.

एका शुक्रवारी इरज म्हणाला, "फरंगीस इस्पितळात आहे. आता काही खरं नाही म्हणतात. भेटायला परवानगी हवी."

"कॉम्रेड, ती फुटीर आहे," कियूमर्स म्हणाला.

"बायकोसुद्धा आहे."

"मग विचारतोस काय, मेल्या? ऊठ आणि जा!" अश्रफ कडाडली.

इरजने मान खाली घातली. "नियम मीच लिहिलाय, अश्रफ. मीच मोडू?"

कियूमर्सला विचार करायचा होता. विषय पुढच्या बैठकीवर गेला. मला ओरडावेसे वाटले, पण माझ्याकडे वाफेशिवाय दुसरा आवाज नाही.

पुढच्या शुक्रवारी ठराव एकमताने मंजूर झाला. इरज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आला होता. तो कोट चढवत असतानाच फोन वाजला. फरंगीस सकाळीच गेली होती.

दफनाला दोन गट दोन लाल झेंडे घेऊन कबरीच्या दोन बाजूंना उभे राहिले, असे अश्रफ नंतर सांगत होती. कोणी कोणाशी बोलले नाही. पण तिकडच्या एका बाईने इरजच्या हातात किटली ठेवली. "तिनं सांगितलं होतं, ज्याची त्याला द्या," एवढेच बोलून ती झेंड्याकडे परतली.

कचेरीत परतून इरजने ती माझ्या डोक्यावर ठेवली. अगदी घट्ट बसली. त्याने दोन पेले भरले. एक प्यायला. दुसरा निवत गेला, तसा बघत बसला. मग किटली उचलून घरी घेऊन गेला. त्यानंतर मला कोणी पेटवले नाही. पोटात क्षार साचले आहेत. कचेरीही बंद व्हायची आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. आपल्या माणसाकडे जायचे असेल तेव्हा मात्र कोणाला विचारत बसू नका. इरजला मिळालेली परवानगी अजून कोणी रद्द केलेली नाही.