चौथा बोल्ट

"पाना खाली ठेव, वेइक्को," इर्मेली म्हणाली. ही माझी मोठी बहीण, राउमाच्या गोदीत वेल्डर.

उद्या सकाळी गाडीची तपासणी होती. बावीस हिवाळे बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने सायलेन्सरचे चारही बोल्ट गंजले होते आणि त्यातले तीन मी रागाच्या भरात तोडले होते. इर्मेलीने प्रत्येक थोटकावर नट वेल्ड केला, पाना स्वतःच्या खिशात घातला आणि सावकाश मगभर कॉफी प्यायली. मी येरझाऱ्या घातल्या. गार झालेली तिन्ही थोटकं तिने अलगद फिरवून काढली. मग पाना मला दिला.

"चौथा शाबूत आहे. तापव, थांब, मग फिरव. जमेल?"

"मी काय दूधखुळा आहे?"

तापवला. थांबलो, माझ्या मते बराच वेळ. फिरवला.

कट्‌.

वेल्डिंगची वायर इर्मेलीने अजून गुंडाळलीच नव्हती.