बिनचेहऱ्याची कव्हरं

काचेच्या पेल्याच्या कडेवर ब्रश तीनदा टकटकला की आमच्या डोंबिवलीच्या घरात सकाळ झाली, असं मी समजत असे. माधव, माझा धाकटा भाऊ, पूर्वेच्या खिडकीशी फळीवर कागद ताणून बसलेला असायचा. कापणी झालेल्या भातखाचरांवरून माघातलं कोवळं, गारठलेलं ऊन सरकत आत यायचं आणि त्याच्या डाव्या हातावर थबकायचं. रेषा ओढताना तो श्वास धरून ठेवी, आणि रेषा संपली की इतक्या हळू सोडी की पाहणाराही नकळत आपला श्वास सोडायचा. गाण्याच्या तबकड्यांची कव्हरं तो रंगवत असे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस लाँगप्ले तबकड्या नव्यानव्या आल्या, तेव्हा दुकानाच्या काचेतून त्याचं काम लांबूनही ओळखू येई.

ओळखू येई, कारण त्यावर माणसाचा चेहरा नसे. खांद्यावरून ओघळलेला पदर, तंबोऱ्याच्या खुंटीवर विसावलेली बोटं, मैफल उठून गेल्यावर मागे राहिलेला चुरगळलेला गालिचा. आणि भोवती शुभ्र, विस्तीर्ण अवकाश. ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांवरून तो पांढरा रंग त्याने उचलला होता. जाणकार म्हणत, काय हा संयम, सुरांना चेहरा देण्याचा मोह किती सहज टाळला आहे. मी ऐकून घ्यायची आणि मनात हसायची. तो संयम नव्हता. तो सूड होता, आणि माझ्यासाठी घेतलेला होता.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी अठरा वर्षांची होते. आम्ही तेव्हा कल्याणला राहत असू, आणि मी ठाण्याला, तलावाजवळ, बुवांकडे गाणं शिकायला जात असे. बुवा नामांकित गवई. रुंद कपाळ, त्यावर केशरी गंध, धारदार नाक. देखणे होते आणि ते त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. मुंबईला नेऊन त्यांनी माझ्याकडून एक भावगीत ध्वनिमुद्रित करून घेतलं. तबकडी हातात आली तेव्हा आवाज माझा होता आणि लेबलावरचं नाव शालिनीचं, बुवांच्या मुलीचं. बुवांनी अण्णांना, आमच्या वडिलांना, समजावलं, "चांगल्या घरातल्या मुलीचं नाव असं दुकानादुकानांतून फिरणं बरं नव्हे. बोभाटा होतो." अण्णांनी त्यांचे आभार मानले. ते आभार मला आजतागायत पचलेले नाहीत. त्या गाण्याच्या जोरावर शालिनीच्या मैफली ठरू लागल्या, आणि मी तंबोऱ्याला गवसणी घातली ती कायमची.

माधव तेव्हा चित्रकला शिकत होता. माणसाचा चेहरा हे त्याचं खरं देणं. भाजीवाल्या बाईला तो पाठकोऱ्या कागदावर असा उतरवी की आई त्या चित्राशीच भाजीच्या भावावरून हुज्जत घालायची. तबकडी उजेडात धरून त्याने लेबलावरचं नाव वाचलं. मग म्हणाला, "ताई, नाव त्यांच्या हातात होतं. चेहरा कधीतरी माझ्या हातात येईल."

आला. ज्या कंपनीसाठी बुवा गात, तिथेच माधव चिकटला. एकट्या बुवांनाच वगळलं तर डाव उघडा पडेल, म्हणून त्याने पहिल्या कव्हरापासून सगळ्यांनाच वगळलं. बुवांची पाळी येईपर्यंत ती त्याची शैली म्हणून नावाजली गेली होती. बुवांच्या पहिल्या लाँगप्लेवर खुंटीवरची शाल आली, दुसरीवर पाठमोरी आकृती. ज्या हाताला चेहऱ्यांचं वरदान होतं तो हात शाली आणि गालिचे रंगवत राहिला, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला बरं वाटत होतं. हे मी आता लपवून काय उपयोग?

तिसऱ्या तबकडीच्या वेळी बुवा स्वतः डोंबिवलीला आले. फाल्गुनातली दुपार होती, उन्हाने खाचरं पांढरी पडली होती. त्यांनी पिशवीतून आपला मोठा फोटो काढून फळीवर ठेवला. माधव माझा भाऊ, हे त्यांना आठवत नव्हतं. "माधवराव, कला तुमची मोठीच आहे," ते म्हणाले, "पण लोकांनी आम्हाला ओळखायचं तरी कसं? एवढा एक चेहरा घाला." माधवने ब्रश पेल्यात ठेवला. "बुवा, चांगल्या घरातल्या माणसाचा चेहरा असा दुकानादुकानांतून फिरणं बरं नव्हे. बोभाटा होतो."

मी चहा घेऊन दारात उभी होते. बुवांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तो उतरताना मी डोळे भरून पाहिला. मग ते खालच्या पट्टीत म्हणाले, "ते जुनं गाणं कंपनी पुन्हा काढते आहे. माझा शब्द चालतो तिथे. या वेळी तुझं नाव घालायला सांगतो, बाळ. चेहऱ्याचं तेवढं यांना सांग."

माधवने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणावं असं त्याला वाटत होतं. माझं नाव मला मिळालं असतं आणि त्याचे चेहरे त्याला. इतकी वर्षं बांधून ठेवलेला हात मोकळा झाला असता. हे सारं त्या एका नजरेत होतं, आणि मला ते तिथल्या तिथे कळलं होतं.

"माझं नाव नको, बुवा," मी म्हणाले. "आणि तुमचा चेहराही नको."

बुवा चहा न घेता गेले. माधवने पेल्यातला ब्रश पुन्हा उचलला. त्या कव्हरावर त्याने रिकामी बैठक काढली, आणि त्याच्या साऱ्या कामात तेच सर्वोत्तम मानलं जातं. पुढे कधीतरी मीच म्हटलं, आता माझं चित्र काढ. तो चार दिवस कागदापुढे बसला. पदर साधला, हात साधले, मानेवरचा अंबाडा साधला. चेहऱ्याच्या जागी त्याने पुन्हापुन्हा खोडलं आणि अखेर फळी भिंतीला लावून ठेवली.

आता बुवाही नाहीत आणि माधवही नाही. बुवांचा आवाज अजून कुठेकुठे लागतो. ते दिसायचे कसे, हे तबकड्या ऐकणाऱ्यांपैकी आज कुणी सांगू शकणार नाही. मला हवं होतं ते नेमकं तसंच झालं. मात्र ज्याला साऱ्या जगाच्या स्मरणातून पुसायचं होतं तो चेहरा वस्तीला माझ्याकडे आला आहे. डोळे मिटून मी माधवला आठवू लागते तेव्हा आधी बुवा येतात, गंधासकट, हुबेहूब, एक रेषही न पुसटलेले. आणि त्यांच्या मागून यायला माधवला दिवसेंदिवस उशीर होतो आहे.