मवाबी बाईचा परिच्छेद

अठराव्या पानावरचा अख्खा परिच्छेद गायब होता. बिन्यामिन वाकरूळकरांनी प्रुफाचं मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. कुठंच नाही.

वाकरूळकर म्हणजे बेने इस्राएल, पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी यहुदी. बिन्यामिन चौऱ्याहत्तर वर्षांचे, त्यांची थोरली बहीण राजाबाई ब्याऐंशीची. दोघांची मुलं इस्राएलात स्थायिक झालेली. सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये आता ही दोघंच. निवृत्तीनंतर बिन्यामिननी एकच काम मन लावून केलं होतं. समाजासाठी त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं : आपल्या शास्त्रात शेजारच्या लोकांविषयी काय म्हटलंय आणि का म्हटलंय.

त्यांचं म्हणणं साधं होतं. शास्त्रात ज्यांना सगळ्यात कडू बोललंय ते परके नाहीत, भाऊबंद आहेत. अदोमी हे याकोबाच्या सख्ख्या भावाचे वंशज. मवाबी आणि अम्मोनी अब्राहामाच्या पुतण्याचे. वाळवंटातून येताना मवाब्यांनी भाकरपाणी दिलं नाही, म्हणून दहाव्या पिढीपर्यंत त्यांना आपल्या मंडळीत घ्यायचं नाही, असा नियम. आणि त्याच शास्त्रात एक मवाबी विधवा सासूचं बोट न सोडता आपल्या गावात येते, कापणीनंतर शेतात पडलेला सरवा वेचते, लग्न करते, आणि चौथ्याच पिढीत तिच्या वंशात दाविद राजा जन्मतो. दहा कुठं आणि चार कुठं! ह्या बाईचाच परिच्छेद गेला होता. नियम मात्र शाबूत होता. आता ते पान वाचणाऱ्याला वाटलं असतं, ह्या लोकांना परक्याचा नुसता विटाळ.

त्यांना लगेच संघमित्रा आठवली. पावणे गावातल्या छापखान्यात ती त्यांचा मजकूर टाइप करत होती. तिशीतली बौद्ध मुलगी, आईवडील मराठवाड्यातले. पहिल्याच प्रुफाच्या वेळी तिनं विचारलं होतं, "काका, दहा पिढ्या आत घ्यायचं नाही? आमच्याकडं हे ऐकलेलं आहे. फक्त आम्ही बाहेरच्या बाजूला होतो."

तेव्हा त्यांना तो प्रश्न आवडला होता. आता तोच खुपायला लागला. हिनं मुद्दाम केलं. नियम ठेवला, उत्तर काढलं. आपलं पुस्तक लोकांना दाखवून म्हणेल, बघा, हेही तसलेच.

"ती पोरगी आपलं नाव खराब करायला बघतेय," ते राजाबाईंना म्हणाले.

राजाबाई वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "असेल बाबा. बाहेरच्या माणसाचं काय सांगावं. पण आता भांडत बसू नको. हाय तसं छापू दे."

हे बिन्यामिनना विचित्र वाटलं. एरवी भाजीवाल्यानं एक मिरची कमी दिली तरी परत पाठवणारी ही बाई.

ते रिक्षा करून थेट पावण्याला गेले. शेजारच्या वर्कशॉपात लोखंड कापायचं काम चालू होतं, त्यामुळे त्यांना आवाज चढवावा लागला, आणि चढवल्यावर तो खाली येईना.

"माझा परिच्छेद कुणाला विचारून काढलास?"

संघमित्रानं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग खणातून तिसरं प्रूफ काढून पुढ्यात ठेवलं. परिच्छेदावर लाल पेनानं आडवी काट मारली होती. समासात लिहिलं होतं : काढावे.

"तुम्ही डोळे तपासायला गेला होता. मी प्रूफ न्यायला घरी आले, आजींनी पाकीट दिलं. मला वाटलं, तुम्हीच काढलंय."

ते वळणदार अक्षर बिन्यामिन रोज बघत. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तेच होतं : जिरे, तीळ, नारळाचा कीस.

"मीच काढलं असं वाटलं ना तुम्हाला?" संघमित्रानं विचारलं.

"हो."

"का?"

त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. "माझं चुकलं," ते म्हणाले.

"पुढच्या वेळी आधी विचारा. मग ओरडा," ती म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली.

घरी आल्यावर त्यांनी ते पान राजाबाईंसमोर धरलं. त्यांनी पान हातात घेतलं आणि उलटं करून मांडीवर ठेवलं.

"आईचं माहेर साथीत संपलं, असं तुला सांगितलंय ना?" त्या म्हणाल्या. "संपलं नव्हतं. इथंच जवळ, बोनकोडे गावात होतं. मी सहा वर्षांची असताना आई मला घेऊन गेली. एका माणसानं मला खांद्यावर घेतलं आणि म्हनाला, माझी भाची हाय. आगरी होते ते. मिठागरात काम करायचे. परत येताना आईनं माझ्याकडनं वचन घेतलं, कुणाला सांगायचं नाही."

"म्हणजे आई..."

"लग्नाआधी तिला आपल्या धर्मात घ्यायचा काही विधी झाला का नाही, मला ठाऊक नाही. विचारायची छाती झाली नाही. पूर्वी आपल्यात गोरे इस्राएल, काळे इस्राएल असं करत; काळे म्हणजे बाहेरच्या बायकांची लेकरं. काळ्यांच्या घरी जेवत नसत. तू त्या बाईचं लिहिलंस की लोक घराघरातली बाहेरून आलेली पणजी शोधायला लागतील. मग आपली आई. मग तिकडे इस्राएलात आपली नातवंडं."

बिन्यामिन खाली बसले. आईच्याच बाजूनं यहुदीपण येतं, हे त्यांनी स्वतः बाविसाव्या पानावर लिहिलं होतं. त्या दिवसापासून ते बहिणीकडेही संशयानं बघू लागले. हिनं आणखी काय काय दडवलंय? आणि राजाबाई त्यांच्याकडे, हा कुठं बोलून तर बसणार नाही ना, म्हणून.

चौथ्या दिवशी त्यांनी अठरावं पान पुन्हा वाचलं; त्यात आता आईलाही जागा उरली नव्हती. त्यांनी संघमित्राला फोन केला. "परिच्छेद परत घाल."

"नक्की?"

"नक्की."

राजाबाई त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. तरी सिनेगॉगच्या हॉलमध्ये पुस्तकाच्या प्रती वाटल्या तेव्हा त्या आल्या, मागच्या खुर्चीत बसल्या. बिन्यामिन एकेकाचा चेहरा बघत होते. कोण कुठल्या पानावर थांबतो, कोण कोणाच्या कानाला लागतो.

कमिटीचे सेक्रेटरी अठराव्या पानावर थांबले. "वाकरूळकर, एवढं सविस्तर कशाला? नियम सांगितलात, पुरे होतं. आपली मुलं आधीच बाहेर लग्नं करताहेत. त्यांना आयतं निमित्त."

"माझी आई बोनकोड्याची होती," बिन्यामिन म्हणाले. "आगऱ्याची मुलगी."

हॉलमध्ये पानांचा आवाज थांबला. सेक्रेटरींनी पुस्तक मिटलं. दोघं-तिघं एकमेकांकडे बघायला लागले, आणि त्यांच्या मनात कसला हिशोब चाललाय ते बिन्यामिनना न सांगता कळलं. मागं वळून बहिणीकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नुसती आगऱ्याची काय म्हनतोस?" राजाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "तिचं नाव सांग. भागीरथी. लग्नानंतर शेगुलाबाई."