दुसरी मूठ

जिन्याच्या वळणावर रॅक अडकला आणि दोघंही थांबले. वरची मूठ स्टुरेच्या हातात, खालची होल्गेरच्या. मध्ये कमरेएवढी लोखंडी पेटी, आणि तिच्यात गिटारचा आवाज घुमवणारी, लांबवणारी, गोड करणारी यंत्रं एकावर एक बसवलेली.

"जरा डावीकडे घे की!"

"माझ्या का तुझ्या?"

"तीस वर्षं हेच विचारतोयस, मेल्या."

"तीस वर्षं तू सांगितलं नाहीस."

तीस वर्षं हा रॅक त्यांनी स्वीडनभरच्या नाचघरांच्या मागच्या दारांतून असाच आत नेला होता. अंगात पिवळे कोट, कारण अख्ख्या बँडचे कोट पिवळे होते. गिटार स्टुरेची, बास होल्गेरचा. पुढे नाचघरं बंद झाली आणि कोट बंद होईनासे झाले.

वर, नव्या छोट्या घरात, स्टुरेची बायको सोलवेग मोजायची टेप घेऊन उभी होती.

"एकच राहील. हे धूड, नाहीतर लेकीनं दिलेला पेडलबोर्ड. दुसरं शनिवारी जुन्या बाजारात."

पेडलबोर्ड म्हणजे केकच्या ट्रेएवढी फळी, तिच्यावर पायानं दाबायची पाच बटणं. स्टुरेनं एकच वॉल्ट्झ दोन्हींवर वाजवून पाहिला.

"फळी बरी वाजते," सोलवेग म्हणाली.

"रॅक घरघरतोय," होल्गेर म्हणाला. "आपल्यासारखाच."

त्यानं कॉफी संपवली, कप स्वतःच विसळला आणि टोपी उचलली. त्याची बायको गुनिल्ला गेल्यापासून तो कुणाकडे कॉफीला जात नसे. बोलावलं की फोनवर "बघू" म्हणे, आणि ते बघणं कधी होत नसे. आज मात्र "जड सामान उचलायचंय" म्हटल्यावर तासभर आधीच येऊन जिन्यात बसला होता.

स्टुरे त्या टोपीकडे पाहत राहिला.

"फळी बाजारात," तो म्हणाला.

"का रे?"

"एकट्याला उचलता येते ती. पण रॅक इथं दाराशी नको. खिडकीशी हवा."

"मग आत्ताच हलवू," होल्गेर म्हणाला.

"आज पाठ गेली माझी. बुधवारी ये."

सोलवेगनं टेप मिटून खिशात टाकली. "आणि खिडकीशी बरा नाही दिसला, तर पुढच्या बुधवारी परत दाराशी."

होल्गेरनं खाली पाहिलं. रॅकला चार चाकं होती, आणि घराची जमीन आरशासारखी गुळगुळीत होती. त्यानं बुटाच्या टोकानं एकेका चाकाच्या ब्रेकचा खटका खाली दाबला. मग रॅकला हलकासा धक्का देऊन पाहिला.

"नाही हलत," तो म्हणाला. "दोघं लागतील."