अर्धा भरलेला हात

पुणतांब्याच्या बाजारात मुबारकबी मण्यारीण तीस वर्षं बायकांना बांगड्या भरत होती. हात धरला की कोण सुखात नांदते, कोण मार खाते, हे तिला कळे, आणि या कळण्याचाच आता तिला वीट आला होता.

पंचमीच्या आदल्या बाजारी लंकाबाई नऊ वर्षांच्या बनूला घेऊन आली. पोर चैतापासून मुकी झाली होती. देवऋषी झाला, गंडेदोरे झाले, मारही देऊन झाला. निदान सणाला हात रिकामा नको, म्हणून बांगड्या.

दोन बांगड्या चढल्या आणि पोरीने मूठ आवळली.

“लई हट्टी हाय,” म्हणत लंकाबाईने गाडीपाशी उभ्या दिराला हाक मारली. “भावजी, धरा जरा हिला.”

रंगनाथ हसत आला. त्याने खांद्यावर हात ठेवला मात्र, बनूचा परकर ओला झाला. मूठ सुटली, हात मेल्यासारखा सैल पडला.

असा सैल हात मुबारकबीने पूर्वी एकदा भरला होता आणि ती गप्प बसली होती. ती पोर पुढे विहिरीत सापडली.

“बांगड्या भरताना गड्यानं धरायचं न्हाई. आमच्यात नेम हाय,” ती म्हणाली. असला नेम कुठेच नव्हता. रंगनाथ दूर गेल्यावर ती लंकाबाईकडे वळली. “हिला बाधा न्हाई. ज्यानं नासवली त्यो गाडीपाशी उभा हाय.”

लंकाबाईने पोरीला पोटाशी ओढलं. ती म्हणाली, “त्याला बघून चुलीमागं लपायची. मी मारलं वो तिला, भाभी.”

लंकाबाई पोरीला घेऊन कोपरगावला माहेरी गेली ती गेलीच. तिथल्या बाजारीही मुबारकबी दुकान मांडी; ती बनूपुढे स्वतःचाच हात धरी. “तू मला भर.” पोर बांगड्या वाढवी, फुटली काच मुबारकबीला लागे. दूरदेशी लढाई पेटलेली, त्यामुळे काचेचा माल मिळेना. ती मनातल्या मनात कपाळाला हात लावी.

संक्रांतीला बनूने आपणहून हात पुढे केला. तीन बांगड्या चढल्या आणि मूठ आवळली.

“नको आसंल तर नको म्हन.”

ओठ कितीतरी वेळ नुसते हलले. मग आवाज आला. “नको.”

भरता हात अर्धा सोडणं अपशकुनाचं. तीस वर्षांत मुबारकबीने तो कधी सोडला नव्हता. तिने लगेच सोडला.

बनू आपल्या मोकळ्या हाताकडे बघत राहिली, आणि मग तोच हात तिने पुन्हा पुढे केला.