बाहेरचा माल

सुतार अठ्ठावन्नाचा झाला आणि दरवाजाची चौकट त्याला एकट्याला उचलेना. वर्षभर तो ते कोणाला कळू देत नव्हता. पोट सुटलं होतं, झोप उडाली होती, बायकोकडे पाठ करून तो पडून राहायचा. एके दिवशी सागाची चौकट गुडघ्यापर्यंत उचलून तो अडकला, तेव्हा हाताखाली काम करणारा मेहुणा पुढे आला.

"भावोजी, सरका बाजूला. मी उचलतो."

ज्याला त्यानेच रंधा धरायला शिकवला, तो आता बाजूला सरका म्हणत होता! सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

व्यायामशाळेच्या मालकासाठी तो तेव्हा कपाटं करत होता. मालक दंड फुगवून म्हणाला, "वयाबरोबर पुरुषाचं हार्मोन आटतं, काका. सुई घ्या, पंचविशीचे व्हाल."

सुताराने चोरून सुया सुरू केल्या. तीन महिन्यांत दंड भरले. त्यासोबत रागही भरला. गिऱ्हाईकाला तो "निघ इथून" म्हणाला. चहा गार झाला म्हणून कप भिंतीवर आपटला. मेहुण्याने माप चुकवलं, तर हातातली पटाशी फेकून मारली. ती मेहुण्याच्या कानाजवळून जाऊन फळीत रुतली.

"उद्यापासून मी येणार नाही," मेहुणा एवढंच म्हणाला.

"जा! तुझ्यावाचून अडतंय कोणाचं?"

त्याच आठवड्यात सुताराचं डोकं ठणकू लागलं, तोंड लालबुंद झालं. बायकोने ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिपोर्ट वाचून बाईंनी चष्मा काढला.

"रक्त भलतंच घट्ट झालंय. बाहेरून काही घेता का?"

"छे! मी काय पोरगा आहे?"

बायकोने पिशवीतून सुईच्या औषधाच्या चार रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. "सरसाच्या डब्यामागे होत्या."

"तुझ्या भावानेच चुगली केली!"

"गप्प बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे हार्मोन तिशी-चाळिशीनंतर हळूहळू उतरतं. पोट सुटलं, झोप गेली की आणखी उतरतं. तुमचं कितपत उतरलं होतं, हे सुईआधी कोणी तपासलंच नाही. आणि बाहेरून माल येतोय म्हटल्यावर मेंदूने आतला कारखाना बंद करून टाकला. आता सुई बंद केली तरी तो लगेच सुरू होणार नाही. काही महिने हाल होतील. एकट्याने काढू नका, माझ्याकडे येत राहा."

बाहेर आल्यावर बायको रस्त्यातच थांबली. "मला थकलेला नवरा चालत होता. फेकून मारणारा कोणी मागितला होता तुमच्याकडे?"

सुतार पुढे चालू लागला. माफीचा शब्द जिभेवर येऊन दातांशीच अडला.

त्याने सुई बंद केली. पुढचे महिने वाईट गेले. जिना चढताना धाप लागायची, उगाच रडू यायचं, मग रडू आलं म्हणून चीड यायची. सहा महिन्यांनी बाई म्हणाल्या, "कारखाना चालू झालाय. वयाला शोभेल इतपत."

मेहुण्याने गल्लीच्या टोकाला स्वतःचं दुकान थाटलं. बायको रोज त्याचा डबा घेऊन जाते आणि सुताराला काही सांगत नाही. दरवाजाचं गिऱ्हाईक आलं की सुतार मान न उचलता म्हणतो, "आम्ही फक्त खिडक्या करतो. दरवाजे पलीकडे."

पलीकडे कोणाकडे, ते नाव मात्र तो घेत नाही.