खळ लावलेला क्रेप

मित्रांनो, माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी कधीच पुसली गेली, पण भोचकपणाची खोड काही गेली नाही. मी पायाने चालवायची शिलाई मशीन. नागपुरात टिमकीतल्या एका विणकर घरात राहते.

मी उभी आहे तिथे पूर्वी महादेवरावांचा हातमाग होता. माग विकला, त्याच्या खड्ड्यावर फरशी बसली आणि त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, हौसेने मला आणलं. काय काय शिवलं मी त्यांच्या हातून! अभ्रे, दप्तरं, गाद्यांच्या खोळी. शेजारणी म्हणायच्या, "कौशल्याची मशीन म्हंजे एक नंबर!" ते ऐकून माझं चाक उगाचच दोन फेरे जास्त घ्यायचं. पुढे बाईंचे गुडघे धरले आणि माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग चढला. वर्षानुवर्षं तसाच. फार वाईट वाटायचं मला.

तो ढीग उचलला नव्या सुनेने, दामिनीने. शिवणाचा गंध नाही, पण उत्साह दांडगा. तिच्या आईने, उमरेडच्या चंद्रकलाबाईंनी, आपली एकच एक, जपून ठेवलेली, कधी पाण्यात न घातलेली क्रेपची साडी पडद्यांसाठी दिली होती. "तुह्या खिडकीत लाव. रविवारी येऊन पाहीन," असं बजावलंही होतं.

क्रेप! मी जन्मभर सुती कापड खाल्लेली. हे काय प्रकरण असेल बुवा? मऊ, बारीक सुरकुत्यांचं, हातातून निसटणारं. दामिनीने पायदान दाबलं, मी उत्सुकतेने पहिला घास घेतला आणि कापड सरकलं, टाके सुटले, कडेला चुण्या पडल्या.

"मामाजी, काहून असं करून राहिली ही मशीन?" दामिनी सासऱ्यांजवळ रडकुंडीला आली.

"मशीनले नको बोलू. कापडच नरम हाय," महादेवराव म्हणाले. "आमी मागावर चढवाच्या आधी सुताले खळ लावत होतो. तू बी लाव पेजेची खळ. पाय मंग कसं कडक होते!"

आयुष्यभर खळ लावलेल्या माणसाचा शब्द तो! दामिनीने कापलेले पडदे तांदळाच्या पेजेत बुडवले. वाळले, मस्त कडक झाले. खिडकीला लावून पाहिले तर काय, वीतभर आखूड! ओला झाला की क्रेप आखडतो, हे सुताशी संसार केलेल्या त्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. दामिनी फरशीवर बसून रडायला लागली. रविवार उद्यावर आलेला, आईला काय तोंड दाखवणार?

महादेवराव उठून आत निघून गेले. मला तर रागच आला त्यांचा. पण ते पेटी उघडत होते. बाहेर आले तेव्हा हातात त्यांच्या मागावरचं शेवटचं कापड होतं, पांढरं सुती, लाल काठाचं.

"माही चूक हाय, बाई. याचा काठ काप अन् खाली जोड."

"हे कापू, मामाजी?"

"मंग पेटीत ठेवून का लोणचं घालाचं हाय त्याचं?" कौशल्याबाई खाटेवरून ओरडल्या.

मग त्याच लंगडत आल्या, मला तेल पाजलं, बारीक सुई लावली आणि सुनेला आधी हाताने कच्चा टाका घालायला लावला. खळही अगदीच वाया गेली नव्हती, क्रेप आता निसटत नव्हता. मी जपून जपून शिवलं.

रविवारी चंद्रकलाबाई आल्या त्या थेट खिडकीपाशी. लाल काठ त्यांनी बोटांनी चाचपला. दामिनीचा जीव टांगणीला लागला, आणि माझाही.

"आई, तुही साडी आखडली माह्या हातानं," दामिनी पुटपुटली. "म्हणून मामाजींनी..."

"मले जन्मभर काठाच्या साडीची हौस होती वं," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "हे बिनकाठाची मिळाली, कोणाले बोलली नाही मी. आज माह्या साडीले काठ आला."

महादेवरावांनी दुपट्ट्याने डोळे पुसले.

मित्रांनो, अनोळखी कापड आणलंत तर आधी त्याची एक चिंधी भिजवून पाहा. आणि घरात माझ्यासारखी कोणी असेल, तर तिच्यावर कपडे रचू नका, थेंबभर तेल घाला. अजून खूप काही शिवून पाहायचं असतं हो आम्हाला.

महादेवराव आता रोज सकाळी ते पडदे हाताने सरळ करतात. वाकडे नसले तरी.